खाचांवरची काळी पट्टी

मी एक जुनं बॉनेट आहे, म्हणजे गाडीच्या इंजिनावरचं झाकण. सध्या एका गॅरेजच्या मागच्या भिंतीवर मला टांगून ठेवलंय, तेही तोंड भिंतीकडे करून. माझ्या रंगाला फोड आलेत आणि एक कोपरा वितळून वाकलाय. मित्रांनो, आधीच सांगतो, माझी गोष्ट गोड नाही. गोड ऐकायची असेल तर शोकेसमधल्या एखाद्या कपबशीला विचारा.

मला बाबांनी घडवलं. तसे ते मुलीचे बाबा, पण माझ्या अंगावरचा प्रत्येक घाव त्यांच्याच हातोडीचा, म्हणून मीही त्यांना बाबाच म्हणतो. ते पत्र्याचं काम करत. इंजिनाचं काम मामाकडे, म्हणजे आईच्या धाकट्या भावाकडे. आणि गाडी चालवायची मुलगी. एरवी ती दवाखान्यात तपासणीसाठी रक्त काढायची. तिच्या हातची सुई टोचलेली कळतच नाही, असं पेशंट म्हणायचे. सुट्टीच्या दिवशी मात्र तेच हात स्टिअरिंगवर असत, आणि मग डोंगर असो की दरी, बाईसाहेब कुणाला ऐकायच्या नाहीत.

शर्यतीच्या गाडीचं इंजिन भट्टीसारखं तापतं. समोरून शिरलेली हवा रेडिएटरमधून जाताना गरम होते, आणि तिला बाहेर पडायला वाट लागते. ती वाट म्हणजे माझ्या अंगावरच्या खाचा. पुष्कळ जण त्या मागे, काचेजवळ पाडतात. दिसायला झोकदार दिसतात, पण वेगात असताना काचेपाशी हवा अडते आणि उलट आतच घुसते. बाबा असलं काम करणाऱ्यांतले नव्हते. आईने अर्धा विणलेला स्वेटर उसवून त्यांनी लोकरीचे बोटभर धागे माझ्यावर चिकटवले. मामाने गाडी पळवली, आणि बाबा शेजारच्या गाडीतून मान बाहेर काढून धागे कुठे वर ओढले जातात ते बघत राहिले. तिथेच त्यांनी खाचा पाडल्या, एकूण बावीस.

"स्वेटर गेला तो गेला," आई म्हणाली, "आता निदान गाडी तरी धावू दे!"

गाडी धावली. तापमान दाखवणारी सुई जागेवर राहिली, इंजिन कधी उकळलं नाही. लोक माझ्यावरून हात फिरवून विचारत, "कुणाचं काम हो हे?" तेव्हा बाबा नुसते खोकत. मी मात्र फुगून जायचो. खोटं कशाला बोलू?

आता गॅरेजचा नियम सांगतो, कारण इथेच घोडं पेंड खातं. एकदा मामाने चाकाचे नट सैल केले होते आणि बाबांनी ते अर्धवट आवळले. प्रत्येकाला वाटलं, दुसऱ्याने काम पुरं केलं. भर रस्त्यात चाक निखळलं. कुणाला लागलं नाही, पण दोघांनीही कानाला खडा लावला. ज्याने लावलं, त्यानेच काढायचं. दुसऱ्याच्या कामाला हात लावायचा नाही. नियम चांगलाच होता, मी त्याला नावं ठेवत नाही.

थंडीच्या सकाळी मामा माझ्या खाचांवर काळी चिकटपट्टी लावायचा. खाचा बंद असल्या की इंजिन लवकर गरम होतं. मग गाडी सोडायच्या रेषेवर, अगदी शेवटी, तो सर्रकन पट्टी ओढून काढायचा. त्याने लावलेली, तोच काढणार.

त्या शर्यतीच्या आदल्या संध्याकाळी सगळ्या गाड्यांची माणसं एकत्र जेवायला बसली होती. मामाच्या जिभेला हाड नव्हतं. तो सगळ्यांसमोर म्हणाला, "दाजी, बावीस खाचा? गाडी पळवायचीय की पीठ चाळायचंय?"

सगळे खो खो हसले. मुलगीही हसली. बाबांनी ताट सरकवलं आणि उठून गेले. मामा मागून ओरडला, "अहो दाजी, चेष्टा केली हो!" पण बाबा त्याच्याशी बोलले नाहीत, रात्री नाही आणि सकाळीही नाही.

सकाळ गारठलेली होती. मामाने पट्टी लावली. डोंगराच्या रस्त्यावर गाड्या एकेक करून सोडत होते. मामाला तपासणीच्या टेबलावर सहीसाठी बोलावलं, आणि तेवढ्यात पुढच्या दोन गाड्या बिघडून बाजूला झाल्या. आमचा नंबर एकदम वर आला. मुलगी आत सीटच्या पट्ट्यांनी बांधलेली, डोक्यात हेल्मेट. माझा रंग काळा, पट्टी काळी. तिला बसल्या जागेवरून काही दिसणं शक्य नव्हतं.

बाबांना दिसलं.

ते माझ्या अगदी जवळ उभे होते. त्यांचा हात पुढे आला, नख पट्टीच्या कडेलाही लागलं. मग हात थांबला. ते पुटपुटले, "त्याने लावलीय ना? मग निस्तरू दे त्यालाच. तापमानाची सुई लाल रेघेवर गेली, गाडी परत आली, की कळेल खाचा कशाला लागतात ते."

हे शब्द माझ्याशिवाय कुणी ऐकले नाहीत. बाबांना वाटलं असेल, फार तर इंजिन तापेल, शर्यत बुडेल, मेहुण्याचं नाक कापलं जाईल. याहून जास्त काही त्यांच्या मनात नव्हतं, हेही मी शपथेवर सांगतो. निशाण खाली आलं आणि आम्ही सुटलो.

पुढचं थोडक्यात सांगतो, मला ते सांगवत नाही. पहिल्या वळणापर्यंत माझ्या पोटात गरम हवा दाटली. दुसऱ्या वळणावर पट्टी माझ्या अंगाला चिकटून उकळायला लागली. तिसऱ्या चढावर पेट्रोलची एक नळी मऊ पडली आणि तिचा सांधा सुटला. मी तेव्हा काय करणार होतो? माझं काम एकच, आतलं बाहेर सोडायचं, आणि तेच मला करता येत नव्हतं. आग माझ्या खालून गाडीच्या आत शिरली. मुलीने बाहेर पडण्यासाठी दाराची कडी धरली. ती कडी तापून लाल झाली होती, तरी तिने ती सोडली नाही, म्हणून मुलगी वाचली.

हात मात्र वाचले नाहीत. बोटं आता मिटत नाहीत. तिला सुई धरता येत नाही की शर्टाचं बटण लावता येत नाही. तिचे केसही आई विंचरते.

चौकशी झाली तेव्हा मामा सगळ्यांसमोर म्हणाला, "पट्टी मी लावली, मीच काढायची होती. माझं चुकलं." बाबा त्याच्या शेजारी उभे होते. त्यांनी ताकाला तूर लागू दिली नाही. आईने सख्ख्या भावाला दार बंद केलं. मुलगी म्हणाली, "मामाचं तोंड बघायचं नाही मला." बाबांनी मला भिंतीवर टांगलं आणि माझं तोंड फिरवून ठेवलं.

सहा वर्षं गेली. परवा दुपारी मामा गॅरेजमध्ये आला. मी आवाजावरून ओळखलं, पण आवाज म्हाताऱ्याचा झाला होता.

"दाजी, दोन मिनिटं बोलू का?"

"बोल."

"झोप लागत नाही हो मला. तुम्ही तिथे होतात. तुम्हाला दिसलं असतं तर तुम्ही नियमबियम गुंडाळून ठेवून काढली असतीत पट्टी, मला माहितेय. पण काळ्यावर काळी, कुठून दिसणार तुम्हाला? पोरीला मी जाळली, दाजी."

बोला, बाबा! मी आतून आक्रोश करत होतो. एवढ्या बावीस खाचा पाडल्यात माझ्या अंगात, बोलता येईल अशी एकही नाही. पण तुम्हाला तर तोंड आहे! बाबा खोकले.

मग बाबा म्हणाले, "झालं ते झालं. मी तुला माफ केलं."

मामा ढसाढसा रडला. "तुमच्यासारखा माणूस शोधून सापडणार नाही," म्हणाला.

मित्रांनो, ज्यांनी मला घडवलं त्यांच्याबद्दल असं बोलताना मला काय वाटत असेल? तरीही सांगतो. दुसऱ्याचं चुकताना दिसलं, तर आधी हाक मारा, रुसवा मग काढा. आणि वेळेवर हाक मारली नसेल, तर निदान तसं कबूल करा. दुसऱ्याला आपल्या वाटणीचं पाप वाहू देऊ नका. मी साधा पत्रा आहे, पण एवढं मलाही कळतं.

मामा गेला. मागच्या दारातून मुलीचा आवाज आला, "बाबा, कोण आलं होतं?"

"कुणी नाही," बाबा म्हणाले.