गोचिडाचं औषध

माझ्या दवाखान्याच्या दारात एक पाटी आहे. 'कुत्र्याचे औषध मांजराला लावून आणल्यास आधी मालकाची तपासणी केली जाईल.' मीच लिहिली. हडपसरचे लोक तिच्यासोबत फोटो काढतात, ग्रुपवर फिरवतात, आणि घरी जाऊन कुत्र्याचं औषध मांजराला लावतात. पालथ्या घड्यावर पाणी.

पाटी उगाच नाही लावलेली. गेल्या उन्हाळ्यात एका महिन्यात माझ्या टेबलावर तीन मांजरं गेली. पिसवा-गोचिडांचं जे औषध कुत्र्याच्या मानेवर टाकतात, ते कुत्र्याच्या अंगात पचतं. मांजराच्या अंगात पचत नाही. कातडीतून आत जातं आणि थेट नसांवर चढतं. आधी लाळ, मग थरथर, मग झटके. पाकिटावर मांजराचं चित्र काढून त्यावर चक्क फुली मारलेली असते. ते दाखवलं तर एक गृहस्थ मला म्हणाले, "हो, पण आमचं मांजर तसं मोठं आहे." त्या दिवसापासून माझं डोकं जे फिरलं ते फिरलंच.

दवाखान्यात मदतीला मुक्ताई असते. नांदेडकडची, पाच वर्षं माझ्याबरोबर आहे. ती अधूनमधून म्हणायची, "मॅडम, जरा गोड बोलत जा. लोक घाबरतेत तुम्हाला."

"घाबरलेच पाहिजेत," मी म्हणायचे.

त्या गुरुवारी सकाळी आयटीतला एक मुलगा, तेजस नावाचा, आपलं मांजर घेऊन आला होता. त्याने कुत्र्यासाठी असलेली पिसवांची पावडर त्याला फासली होती. थोडीच, आणि लगेच पुसलीही होती. मांजर ठीक होतं. म्हणजे त्याला समजावून सांगून पाठवता आलं असतं. मी दार उघडं ठेवून, बाकावरच्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, "पाटी वाचता येते का? की कोडिंगमध्ये लिहून देऊ?" बाकावरचे लोक हसले. तो कानापर्यंत लाल झाला. "सॉरी मॅम," म्हणाला आणि खाली मान घालून गेला. मला बरं वाटलं, हे खोटं कशाला बोलू?

त्याच्यानंतर नंबर होता दत्तोबांचा.

दत्तोबा इथलेच, गाव होतं तेव्हापासूनचे. त्यांच्या रानात आता बारा मजली इमारत आहे आणि तिच्यात चौथ्या मजल्यावर ते राहतात. एके काळी त्यांच्या गोठ्यात नऊ म्हशी होत्या. कुणाचं जनावर आजारी पडलं की गाव आधी त्यांना बोलवायचं. म्हशी गेल्या, गोठा गेला. त्या गोठ्यात जन्मलेली एक मांजर तेवढी राहिली, ठकी. अकरा वर्षांची. दत्तोबा तिला पिशवीत घालून आणायचे आणि माझ्याशी तिच्याबद्दल बोलताना, एक डॉक्टर दुसऱ्या डॉक्टरशी बोलतो तसं बोलायचे. मला त्यांची गंमत वाटायची.

त्या दिवशी ठकी पिशवीतच थरथरत होती. टेबलावर ठेवली तर तोंडातून लाळेची तार, कान फडफडतायत, नुसता हात लावला तरी सगळं अंग उडतंय. हे चित्र मला झोपेतही ओळखता आलं असतं. मी मानेवरचे केस बाजूला करून पाहिलं. औषधाचा डाग नव्हता. सगळं अंग मात्र तेलकट होतं आणि खोबरेलाचा वास येत होता.

"आजोबा, कुत्र्याचं औषध लावलंत का? खरं सांगा. बाहेरची पाटी वाचलीच असेल."

दत्तोबांनी दाराकडे बघितलं. दार अजून उघडंच होतं.

"कुत्र्याचं न्हाई," ते म्हणाले. "खोबरेल चोळलं. कातडी कोरडी पडली हुती."

"मग काय खाल्लं हिने?"

"उंदराचं औषध ठिवत्यात शेजारी. त्येच असंल."

मी मान डोलावली. दुसरं कुठलं औषध लावलं का, हे मी विचारलं नाही. कुत्र्याच्या औषधाशी माझं भांडण होतं, त्यामुळे माझ्या डोक्यात तेवढं एकच औषध होतं. झटके थांबवायचं इंजेक्शन दिलं, सलाइन लावलं, विषावरचे उपचार सुरू केले. दत्तोबा दुपारपर्यंत बाकावर बसून होते. मग मीच त्यांना घरी पाठवलं.

इंजेक्शनचा असर असेपर्यंत ठकी शांत पडायची. तो उतरला की पुन्हा झटका. प्रत्येक वेळी मागच्यापेक्षा मोठा. मुक्ताई म्हणाली, "मॅडम, अंग लई तेलकट आहे, चिकटपट्टी बसत नाही. साबणानं धुऊ का जरा?"

"अजिबात नाही. अंग गार पडेल तिचं."

हे माझे शब्द. ती पट्टी धरून उभी राहिली.

तीन वाजता बायडाबाई आल्या, दत्तोबांच्या पत्नी. हातात डबा. ठकीला सुकट आवडतं म्हणून भाजून आणलं होतं. पिंजऱ्याजवळ उभ्या राहून त्यांनी बराच वेळ ठकीकडे पाहिलं.

"औषध जरा जास्ती झालं का वो?" त्यांनी विचारलं.

"कुठलं औषध?"

"म्हशीचं. गोचिडाचं. तळाला ऱ्हायलेली बाटली हुती. काल संध्याकाळी ह्यांनी पाण्यात कालवून फडक्यानं सगळं अंग पुसलं तिचं, म्हशींचं पुसायचे तसंच. वास लई उग्र म्हणून मागनं खोबरेल चोळलं." माझा चेहरा बघून त्या थांबल्या. "त्यांनी सांगितलं न्हाई?"

मी ठकीला उचलून बेसिनकडे धावले. मुक्ताईने कोमट पाणी सोडलं, मी भांड्यांचा साबण घेतला. एकदा धुतली, दोनदा धुतली, तिसऱ्यांदा धुतली. तेलाखालून तो उग्र वास आता बेसिनभर पसरला. रात्रभर ते औषध तिच्या कातडीतून मुरत होतं, तेलाने आणखी धरून ठेवलं होतं, आणि सकाळपासूनचे चार तास मी त्याला हात लावू दिला नव्हता.

बायडाबाई मागे उभ्या राहून सांगत होत्या. मी विचारलंही नव्हतं. "दुपारी जेवले न्हाईत. म्हणले, ती बाई त्या पोराला सगळ्यांदेखत लई बोलली. आता ह्या वयात माझी तपासणी कुठं करून घेऊ? चाळीस वर्सं लोकांची जनावरं बरी केली, आणि घरचं मांजर मारलं म्हणून लोक हसतील. मी म्हणलं, तुम्ही बसा, मी सांगते. तर म्हणले, कुत्र्याचं इचारलं, ते न्हाईच लावलं, खोटं कुठं बोललो?"

टॉवेलमध्ये गुंडाळून मी ठकीला छातीशी धरलं होतं. साडेचारला शेवटचा झटका आला. त्यानंतर तिचं अंग सैल पडलं. मुक्ताईने नळ बंद केला.

सकाळी अकराला धुतली असती तर ती जगली असती का? बहुतेक जगली असती. अशी वेळेत धुतलेली कितीतरी मांजरं मी पायांवर चालत घरी पाठवली आहेत. हे मी कुणाला सांगितलं नाही, पण मला ठाऊक आहे.

बायडाबाईंनी फोन केल्यावर दत्तोबा आले. चप्पल बाहेर काढून, टोपी हातात घेऊन आत आले. त्यांनी ठकीच्या डोक्यावर हात ठेवला आणि तो तसाच राहू दिला. त्या क्षणी मी काय म्हणायला हवं होतं, ते मला माहीत होतं. 'आजोबा, मी नीट विचारलं नाही.' एवढंच. शब्द तोंडात तयार होते.

आणि मी ओरडले.

"चाळीस वर्षं जनावरं पाळलीत ना? मग म्हैस आणि मांजर यातला फरक कळत नाही? सकाळी तोंडाने बोलायला काय झालं होतं? ही तुमच्या लपवालपवीने मेली, औषधाने नाही." आवाज चढतच गेला. दार उघडं होतं, बाकावर संध्याकाळची माणसं येऊन बसली होती, आणि मला थांबता येत नव्हतं. मी गप्प बसले असते तर बोलायची पाळी माझ्या मनाची होती, आणि ते मला ऐकायचं नव्हतं. जित्याची खोड म्हणतात ती हीच.

दत्तोबा माझं संपेपर्यंत उभे राहिले. मग म्हणाले, "बरोबर हाय तुमचं. चुकलंच माझं." बायडाबाईंनी सुकटाचा डबा उचलला. दत्तोबांनी ठकीला आणलं होतं त्याच पिशवीत ठेवलं. बाकासमोरून जाताना ते कुणाकडे न बघता गेले.

मुक्ताई टेबल पुसत होती. माझ्याकडे तिने बघितलं नाही.

मी तोंडावर पाणी मारलं आणि पुढच्या नंबरला आत बोलावलं. साधारण माझ्याच वयाची बाई होती, बास्केटमध्ये पांढरं मांजर. मांजराच्या हनुवटीवर लाळ होती आणि एक कान मधूनमधून फडफडत होता. मी दार लावून घेतलं. खुर्ची पुढे केली. जमेल तेवढ्या मऊ आवाजात विचारलं, "ताई, हिला काही लावलंय का? कुठलंही औषध, तेल, पावडर? काहीही असलं तरी सांगा, मी रागावणार नाही."

तिने बास्केट जवळ ओढली.

"नाही हो डॉक्टर," ती म्हणाली. "काहीच नाही लावलं."