दारावरच्या रहाटाची तक्रार

मित्रांनो, मी एक जुना रहाट आहे. विहिरीवरचा नव्हे. पाण्याची बादली मी कधी पाहिलेलीसुद्धा नाही. मी बचाव हेलिकॉप्टरच्या दारावर बसवलेला रहाट. माझ्या पोटात एक ड्रम, ड्रमवर गुंडाळलेला करंगळीपेक्षा बारीक पोलादी दोर, दोराच्या टोकाला हुक आणि हे सारे फिरवणारी मोटर. कागदोपत्री माझे नाव चांगले लांबलचक आहे. पण ज्या माणसाने मला वर्षानुवर्षे चालवले तो मला रहाट म्हणायचा, म्हणून मी रहाट. विहिरीवरचा पाणी वर ओढतो, मी माणसे वर ओढत असे.

'ओढत असे' म्हणताना माझा जीव चरफडतो. तेव्हा मी गोड गोड काही सांगेन अशी अपेक्षा ठेवू नका. मी वैतागलेला आहे, आणि का वैतागलो आहे ते तुम्हाला सांगणार आहे.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. तिथे माझी जुळवणी करणारी बाई हातमोजा काढून दोरावरून बोटे फिरवायची आणि कुठे तार टोचली की अख्खा दोर परत पाठवायची. शेजारचे म्हणायचे, "अगं, किती वेळ लावतेस!" ती म्हणायची, "याला लटकणारा तुझा भाऊ असता तर?" मग वाळूची पोती बांधून मला खालीवर पळवले. मी एकदाही अडखळलो नाही. त्या दिवशी मला वाटले, आपण जन्मभर असेच चालणार.

हेलिकॉप्टरच्या तळावर मला मामा भेटला. दार उघडून, कमरेला पट्टा बांधून, अर्धे अंग बाहेर काढून मला चालवायचे हे त्याचे काम. लहानथोर सगळ्यांना तो 'भाच्या' म्हणायचा. वरिष्ठांनाही म्हणायचा, पण त्यांची पाठ वळल्यावर. माझ्या हुकाला स्वतःला अडकवून खाली उतरायचा तो काडी. उंच, किडकिडीत, औषधोपचार शिकलेला. जखमी माणसाला पट्ट्यांत बांधून आपल्याबरोबर वर आणायचे हे त्याचे काम. आणि हेलिकॉप्टर चालवणाऱ्या त्या मॅडम. त्या फार बोलत नसत, पण त्यांनी थांबवलेले हेलिकॉप्टर हवेत खिळा ठोकल्यासारखे जागच्या जागी थांबे.

काय दिवस होते ते! बुडत्या बोटीवरचे खलाशी मी वर घेतले. पुराच्या पाण्यात छपरावर बसलेली एक आजी शिलाई मशीन सोडून यायला तयार होईना. काडी खालून ओरडला, "मामा, ऐकत नाहीये!" मामा म्हणाला, "मग आधी मशीन पाठव. आजी मागोमाग येतील." तसेच झाले. वर आल्यावर आजीने मामाच्या आधी माझ्या हुकाला हात लावून नमस्कार केला. मी नुसता फुलून गेलो होतो.

पण मित्रांनो, कौतुकाने कुणाची झीज भरून येत नाही. माझ्या पोटात एक लहानसा रोलर होता. दोर ड्रमवर ओळीने बसतो की नाही, हे पाहणे त्याचे काम. तो झिजला. दोर एकाच बाजूला जमू लागला, वळशावर वळसा चढू लागला. मी कुरकुर करायला लागलो. यंत्राला दुसरी बोली कुठे असते? मामाला ती ऐकू आली. तो तडक वर्कशॉपच्या साहेबांकडे गेला.

"साहेब, रहाटाचा रोलर गेलाय. दोर वळशावर चढतोय."

"चालतोय ना?"

"चालतोय, पण..."

"मग चालतंय ते कशाला उघडायचं, मामा? नवा पार्ट येतोय."

"गेल्या वर्षीपण येतच होता. पायी निघालाय का तो?"

साहेब हसले. मामाचे बोलणे हसण्यावारी गेले. साहेब वाईट नव्हते. हाताखाली माणसे थोडी आणि डोक्यावर कामे ढीगभर, असा त्यांचा कारभार. पण पाहणीला कुणी बडा माणूस येणार असला की मला रंग मात्र न चुकता मिळायचा. आतून झीज आणि बाहेरून चकाकी!

मग तो दिवस आला. डोंगरातल्या एका घळीत आमच्या सैनिकांची तुकडी शत्रूच्या कोंडीत सापडली होती. त्यांच्या मदतीला दोन विमाने गेली. ही विमाने खूप वेगाची नसतात. ती खाली येऊन, आपली माणसे कुठे आणि समोरची कुठे हे नीट पाहून मारा करतात. त्यामुळे खालच्या सैनिकांचा जीव वाचतो. पण विमानालाही गोळी लवकर लागते. त्यांनी वाट मोकळी करून दिली, तुकडी घळीतून बाहेर पडली, आणि परत फिरताना एका विमानाला गोळी लागली. त्याचा वैमानिक पॅराशूट घेऊन झाडीच्या उतारावर पडला. रेडिओवर गुणगुणायची खोड असल्यामुळे त्याला सगळे गवई म्हणत. दुसऱ्या विमानात त्याचा वडीलधारा सोबती होता, आबा. आबा परतला नाही. तो गवयाच्या डोक्यावर घिरट्या घालत राहिला.

आम्हाला बोलावणे आले. आम्ही निघालो आणि एका टेकडीआड उतरलो, पाती फिरती ठेवून. पुढे जायला वरून होकार हवा होता. घळ एका कार्यालयाच्या हद्दीत आणि उतार दुसऱ्याच्या. होकार कुणी द्यायचा यावर दोन्हीकडे खल चालू होता. आम्ही बसलो होतो. मित्रांनो, नुसते बसलो होतो!

मामाच्या कानावरच्या रेडिओतून मला सगळे ऐकू येत होते.

"आबा, पाय मोडलाय," गवई म्हणाला. "आता गाणं सांगा हवं तर, नाच सांगू नका."

"गप पड. तुझ्या खालच्या ओढ्यात माणसं आहेत. आवाज करू नकोस."

मग आबा आमच्याशी बोलला. "मॅडम, मी वर आहे तोवर त्याच्याजवळ कुणी फिरकणार नाही. पण माझं इंधन संपत आलंय. तुम्ही कशाची वाट बघताय?"

"होकाराची."

"कुणाच्या?"

"तेच अजून ठरतंय."

मामाने दारावर मूठ आपटली. काडी पट्ट्यांची बक्कले पुन्हा पुन्हा उघडून लावत होता.

होकार आला तेव्हा आबाजवळ शेवटच्या घिरटीपुरते इंधन उरले होते. आम्ही झाडांना घासत निघालो. आबाने ओढ्याच्या बाजूला विमान खाली झोकले आणि त्याच्या तोफांचा आवाज डोंगरात घुमला. तेवढ्या सवडीत मॅडमनी हेलिकॉप्टर उतारावर स्थिर केले. मामाने काडीला खाली सोडले. मी कुरकुरलो, पण सोडले. काडीने गवयाला बांधले आणि हात वर केला. मामाने बटण दाबले. मी ओढू लागलो. दोन माणसे, वर, वर...

आणि मी अडकलो.

झिजलेल्या रोलरने दोर सोडला, एक वळसा दुसऱ्याखाली शिरला आणि ड्रम जागीच आवळला. मोटर नुसती हुंकार देत राहिली. दोघे झाडांच्या शेंड्यांपाशी लटकलेले, आणि ओढ्याकडून गोळ्या.

"मॅडम, रहाट अडकला! दोघं अधांतरी आहेत! सरळ वर घ्या, पुढे नको!"

हेलिकॉप्टर वर निघाले आणि हिसका बसून थांबले. काडीचा पट्टा एका फांदीत गुंतला होता. आता मी फांदीला बांधलेला आणि हेलिकॉप्टर मला बांधलेले. मित्रांनो, अशा वेळेसाठी दारापाशी एक लाल बटण असते. ते दाबले की दोर तुटतो. दोरावरची माणसे जातात, हेलिकॉप्टरमधली वाचतात. नियम तसाच आहे आणि तो चुकीचा नाही.

"मामा, बटण तुमच्याकडे आहे," मॅडम म्हणाल्या. आवाज शांत होता, पण हेलिकॉप्टर थरथरत होते.

"माहितीये. थोडं खाली या, दोर सैल करा."

"खाली आलो तर गोळ्या लागतील."

"या हो, मॅडम!"

त्या खाली आल्या. दाराच्या पत्र्याला गोळ्यांची भोके पडली. दोर क्षणभर सैल झाला, आणि मामाने माझ्या उघड्या तोंडात हात घातला. अडकलेला वळसा त्याने बोटांनी उचकटला. हातभर दोर सुटला, काडी तेवढा खाली गेला, आणि पट्टा फांदीतून निसटला. "वर!" मामा ओरडला. हेलिकॉप्टर वर गेले, दोरावर पुन्हा वजन आले आणि वळसा पुन्हा आवळला. या वेळी त्याच्याखाली मामाची बोटे होती.

मी त्याला सोडू शकलो नाही. माझ्या हातात काही असते तर मी स्वतःचे तुकडे केले असते! मामा मात्र त्याच अवस्थेत सांगत राहिला, "डावीकडे. अजून वर. आता झाडं संपली. चला." नदीच्या वाळूवर मॅडमनी त्या दोघांना अलगद टेकवले, मग शेजारी हेलिकॉप्टर उतरवले. काडी धावत आला तो थेट मामाकडे.

गवई वाचला. आबा कोरड्या टाकीने कसाबसा धावपट्टीवर पोचला. मामाची दोन बोटे गेली आणि त्याचे दारात उभे राहणे कायमचे संपले. पुढच्याच आठवड्यात नवे रोलर आले. खोक्यात बांधलेले, गुळगुळीत, चकचकीत.

ते मला बसवले असतील असे तुम्हाला वाटेल. नाही. मी आता 'शौर्याचे प्रतीक' झालो होतो! मला उतरवून तळाच्या सभागृहात भिंतीवर लावले, आणि तेही रुपेरी रंग मारून. पोटातला तो आवळलेला वळसा सोडवायचेही कुणाला सुचले नाही. त्याच्यावरूनच रंग फिरवला.

समारंभाला गवई आला. कुबडीवर, सोबत त्याची छोटी मुलगी. साहेबांनी भाषण केले, टाळ्या झाल्या. मुलीने माझ्याकडे बोट दाखवून विचारले, "बाबा, हा फिरत का नाही?"

"आता त्याला विश्रांती आहे, बेटा," साहेब म्हणाले.

गवई हसला नाही. त्याने मॅडमकडे पाहिले. "आज ड्यूटीवर जे हेलिकॉप्टर आहे, त्याच्या रहाटाचा रोलर बदललाय?"

मॅडम म्हणाल्या, "नाही."

"पार्ट आलेत ना?"

"आलेत," मामा म्हणाला. "कोठारात आहेत. समारंभाच्या गडबडीत राहून गेलं म्हणे."

गवई उठला. माझ्या भिंतीच्या उघड्या खिडकीतून समोरचे हँगर, म्हणजे हेलिकॉप्टर ठेवायची शेड, दिसते. तो कुबडी टेकत तिथवर गेला आणि हेलिकॉप्टरच्या दारात मुलीला मांडीवर घेऊन बसला. साहेब मागे धावले. "अहो, आत जेवणाची व्यवस्था केलीय!"

"रोलर बसवा. मग जेवू."

सगळे अवघडून उभे राहिले. मग काडीने अंगातला समारंभाचा कोट काढला आणि तो कोठाराकडे गेला. दुपार कलेपर्यंत नवा रोलर बसला. मामाने उरलेल्या बोटांनी दोर चाचपला, मुलीला बटण दाबू दिले, आणि हुक सरसर वर गेला. एकही कुरकुर नाही.

मला आनंद झाला, नाही कसे म्हणू? पण माझा वैताग गेला नाही. कारण कोठारात अजून खोकी आहेत आणि दुसऱ्या तळांवर अजून रहाट आहेत. प्रत्येकासाठी कुणीतरी कुबडीवर येऊन दारात बसायचे का?

मित्रांनो, तुमच्या घरी, शाळेत एखादी वस्तू कुरकुरत असेल. दाराची बिजागरी, सायकलचा ब्रेक, जिन्याचा कठडा. ती तुमच्या नावाने हाका मारते आहे. तिच्यावर रंग फासू नका आणि उद्यावर टाकू नका. तेलाचा डबा घ्या, पाना घ्या, नाहीतर मोठ्या माणसाचा हात धरून त्याला तिथवर ओढत न्या. त्याने 'चालतंय ना' म्हटले, तरी हात सोडू नका.