रहिमानभाईंच्या बसमधल्या चौघी

मित्रांनो, मी एक जुनी बॅटरी आहे. टॉर्चमधली नव्हे हं, आधीच सांगते! मला उचलायला दोन धट्टीकट्टी माणसं लागायची आणि तीही कण्हतच मला खाली ठेवायची. आम्ही चौघी बहिणी. मोटारीची बॅटरी गाडी सुरू करताना एकदाच जोर लावते आणि मग दिवसभर मिरवते. आमचं तसं नाही. आम्ही तासन्‌तास, हळूहळू देत राहायचं.

माझी उमेदीची वर्षं पिंपरीच्या एका कारखान्यात गेली. माल वाहणारी विजेची ट्रॉली आमच्या जोरावर चालायची. तिथली शिस्त मला फार आवडायची. एक शिफ्ट काम, एक शिफ्ट चार्जिंग आणि एक शिफ्ट नुसतं थंड होत पडून राहायचं. कामगारांना ओव्हरटाइम असे, आम्हांला नसे. साहेब लोक पाहुण्यांना मुद्दाम आमच्यापाशी आणून आमचं कौतुक करत. मग नव्या ट्रॉल्या आल्या आणि आमची रवानगी भंगारात झाली. कुणी साधं वळूनही पाहिलं नाही. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू?

तिथून आम्हांला रहिमानभाईंनी उचललं. ते फोटोग्राफर होते. एक मोडीत निघालेली बस घेऊन त्यांनी तिचं घर केलं होतं. पुढं बिछाना आणि स्टोव्ह, मागं फोटो धुवायची अंधारी खोली. ते आणि त्यांच्या बेगम ताजुन्निसा त्या बसमध्येच राहत. पिंपरी-चिंचवडच्या कामगार वस्त्यांपासून चाकणच्या बाजारापर्यंत आमची फेरी असे. लांबून कामाला आलेली माणसं फोटो काढून गावी पाठवत. अंधाऱ्या खोलीतला लाल दिवा आणि फोटो मोठा करायच्या यंत्राचा दिवा आमच्यावर चाले.

रहिमानभाई माणूस लाखातला, पण नाही म्हणणं त्यांना जमायचंच नाही. कुणाला भजनाला माइक हवा, कुणाला कांदा तोलायला उजेड हवा, की जोडली तार आम्हांला! आणि चार्जिंग? बस चालली की बॅटरी भरते, अशी त्यांची ठाम समजूत. दोन गावांमधल्या रस्त्यावर मिळेल तेवढंच आमच्या पोटात पडायचं. मी आतल्या आत चरफडायचे.

एका वर्षी रमजानच्या दिवसांत बस चाकणला कांदाबाजाराच्या कडेला उभी होती. त्या बाजूला विजेचा खांबसुद्धा नव्हता. दुपारी अंबूबाई आल्या. त्यांचा मुलगा सयाजी पिंपरीच्या एका कंपनीत होता. महिन्यापूर्वी तो तापानं गेला होता. त्याचा एकच फोटो उरला होता, कंपनीच्या पासावरचा, नखाएवढा. आणि तो पास कंपनीत जमा करायचा होता. तो न्यायला सयाजीचा कामावरचा जोडीदार ज्योतीराम सोबत आला होता. त्याला कंपनीच्या बसनं दुसऱ्या शिफ्टला जायचं होतं. पण अंबूबाईंनी पास मुठीत घट्ट धरला होता. मोठा फोटो डोळ्यांनी पाहिल्याशिवाय त्या तो देणार नव्हत्या.

रहिमानभाईंनी पास अंबूबाईंच्याच हातात धरायला सांगून त्याचा फोटो उन्हात काढला, निगेटिव्ह धुऊन वाळवली आणि यंत्राचा दिवा लावला. दिवा कसला, नुसती लाल तार! आदल्या संध्याकाळी आम्ही बाजाराला उजेड देऊन रिकाम्या झालो होतो. कागदावर चेहऱ्याऐवजी राखाडी डाग उमटला. अंबूबाईंनी तो पाहिला आणि तोंड फिरवलं.

रहिमानभाईंनी इंजिन सुरू केलं. पण इंजिन चालू असलं की सगळी बस थरथरते आणि फोटो हलतो. म्हणून थोड्या वेळानं त्यांनी ते बंद केलं. बॅटरीच्या मीटरचा काटा वर गेला होता ना! दिवा झकास पेटला आणि फोटो निम्मा होतोय तोच पुन्हा मंदावला. मित्रांनो, तो काटा वरवरचं सांगतो. आमच्या शिशाच्या जाड पाट्यांच्या आतपर्यंत काही पोचलेलंच नव्हतं. पण हे मी कुणाला सांगणार?

ताजुन्निसांनी सांगितलं. त्यांचा स्वतःचा रोजा होता. घसा कोरडा, तरी आवाज करडा. "अजी, दिवसभराच्या उपाशी माणसाला एक खजूर द्यायचा आणि लगेच म्हणायचं, चल, उद्याचा रोजा धर? बॅटरीला पोटभर जेवू द्या. मगच मागा."

रहिमानभाई वरमले. त्यांनी पुन्हा इंजिन लावलं आणि या खेपेला हात लावला नाही. बाहेर कंपनीची बस येऊन हॉर्न देऊ लागली. सगळ्यांनी ज्योतीरामकडं पाहिलं. तो जागचा उठला नाही.

"जाऊ द्या बस," तो म्हणाला. "मावशी, मी थांबतो."

त्याचा तो खाडा झाला. ताजुन्निसांनी अंबूबाईंना बिछान्यावर बसवलं, पाणी दिलं. कुणीही त्यांना पास मागितला नाही. बऱ्याच वेळानं त्या आपणहून बोलू लागल्या. सयाजी लहानपणी कसा होता, पहिल्या दिवशी कामावर जाताना किती वेळा आरशात पाहत होता, असं काहीबाही. महिनाभरात त्या पहिल्यांदाच इतकं बोलत होत्या, असं ज्योतीराम नंतर म्हणाला. आणि तेवढा सगळा वेळ मी पीत होते. शेवटच्या थेंबापर्यंत.

उन्हं कलली तेव्हा इंजिन थांबलं. रहिमानभाईंनी अंबूबाईंना आत बोलावलं. यंत्राचा दिवा लागला आणि जराही हलला नाही. लाल उजेडात, ताटलीतल्या पाण्याखाली, आधी केस आले, मग भुवया, मग डोळे. अंबूबाईंनी मोकळ्या हातानं ताटलीची कड धरली.

फोटोतल्या खांद्यावर पासावरचा कंपनीचा गोल शिक्काही उमटला होता. तो काढायचा प्रयत्न करतो, असं रहिमानभाई हळूच म्हणाले.

"ऱ्हाऊ द्या भाई," अंबूबाई म्हणाल्या. "त्याला त्या कंपनीचं लई कौतुक हुतं."

बाहेर येऊन त्यांनी मूठ उघडली आणि पास ज्योतीरामच्या हातावर ठेवला.

मित्रांनो, त्यानंतर मला कुणी उपाशी ठेवलं नाही. आता मात्र वयच झालंय. पाट्या झडल्यात, चार्ज धरत नाही. उद्या-परवा भट्टीत माझं शिसं वितळेल, त्याचं मला काही नाही. एवढंच मागते. तुमच्या घरातही कुणीतरी रिकामं होऊन बसलेलं असेल. चेहऱ्यावर जरा तरतरी दिसली की लगेच त्याला उठवू नका. इंजिन चालू राहू द्या आणि जवळ बसा.