सगळ्यांना हो म्हणणारी तारका

सभागृहात खुर्च्या दोनशे आणि माणसं साडेतीनशे. मोजण्याची खोड आहे मला. समोर मोठा पडदा, पडद्यावर महाराजांच्या वेबसाइटचा पत्ता आणि पत्त्याच्या आधी नाव टाकायला रिकामी जागा.

रांगेतून एक पोस्टमन पुढे आला. त्याने स्वतःचं नाव टाईप केलं, मग टिंब, मग महाराजांचा पत्ता. पान उघडलं! सोनेरी अक्षरांत त्याचंच नाव आणि खाली ओळ: ‘तुझी नोंद इथे जगाच्या आरंभापासून आहे. तू बरा झालास.’

“अहो, मी तर आज पहिल्यांदाच आलोय!” पोस्टमन रडायलाच लागला.

“तू आज आलास, बाळा. तुझं पान कधीच आलं होतं,” महाराज माइकमधून म्हणाले. “गोळी पोटाला कळते, नोंद विश्वाला कळते. ज्याची नोंद झाली, त्याला कसली गोळी?”

लोक त्यांना नोंदमहाराज म्हणत. सभागृहाच्या दाराशी एक निळं पिंप ठेवलेलं असे. नोंद सापडलेली माणसं जाताना आपली औषधं त्यात टाकून देत. पोस्टमननेही खिशातली पुडी काढली आणि टाकली. पिंप गळ्यापर्यंत आलं होतं.

मी मागच्या भिंतीला टेकून उभा होतो आणि शर्ट पाठीला चिकटला होता. कारण पोस्टमनला रडवणारा तो चमत्कार माझ्या हातचा होता.

माझं कॉम्प्युटरचं दुकान आहे, लोकांच्या वेबसाइट मी सांभाळतो. महाराजांना माझ्याकडे आणलं ते माझ्या ताईने. “माझा भाऊ करून देईल,” ती म्हणाली. महाराजांना प्रत्येक भक्ताच्या नावाचं वेगळं पान हवं होतं. त्यांनी चाळीस नावांची यादी दिली आणि ताईचा मान म्हणून पहिलं नाव तिच्या नवऱ्याचं, म्हणजे आमच्या दाजींचं घातलं.

आता हे जरा समजून घ्या. इंटरनेटवर प्रत्येक पत्त्यामागे एक नोंदवही असते. अमुक नाव विचारलं, तर तमुक यंत्राकडे पाठवा, एवढंच त्यात लिहिलेलं असतं. वहीत नाव नसेल तर उत्तर येतं, असं कुणी नाही. दाजींचं नाव मी नीट, हाताने लिहिलं आणि दुकानातल्या यंत्राकडे वळवलं. दुसऱ्या नावाला कंटाळा आला. त्यात महाराजांचा निरोप, की नावं रोज वाढत जाणार. म्हणून मी वहीत एक तारका, म्हणजे * ही खूण, टाकली. तारकेचा अर्थ असा, की वहीत नसलेलं कुठलंही नाव विचारलं, तरी याच एका यंत्राकडे पाठवा. ते यंत्र पत्त्यातलं नाव उचलायचं आणि पानावर छापायचं. अर्ध्या मिनिटाचं काम. स्वतःवर खूश होऊन मी चहा प्यायलो.

महाराजांना मी सांगितलंही होतं, “आता कुणाचंही नाव टाका, उघडेल.” त्यांनी खुर्ची माझ्याजवळ ओढली. “कुणाचंही?” त्यांनी विचारलं. तेव्हाच मला कळायला हवं होतं. खरं तर कळलं होतं.

पुढच्या महिन्यात ताईचा फोन आला. आवाज बसलेला.

“सगळ्यांचं पान उघडतं रे. यांचंच उघडत नाही.”

दाजी शिंपी आहेत, साखरेचे जुने पेशंट. दिवसातून दोनदा इन्सुलिन. महाराजांनी निदान केलं होतं, की अंगात सुईचं विष साठलंय. एकवीस दिवस उपास, सुई बंद, मग दार उघडेल. ताईने इन्सुलिन पिंपात टाकलं होतं. नऊ दिवस झाले होते.

मी गेलो तेव्हा दाजी मशीनपाशी बसले होते. डाव्या पायाला फडकं बांधलेलं. “काय मेव्हणे,” ते म्हणाले, “सगळ्या गावाची मापं माझ्या वहीत, आणि माझंच नाव विश्वाच्या वहीत नाही! कुठे चुकलो सांगा.”

चुकलो मी होतो. वहीत एखादं नाव स्वतंत्र लिहिलेलं असेल, तर त्या नावाला तारका लागू होत नाही. दाजींचं नाव दुकानातल्या ज्या यंत्राकडे वळवलं होतं, ते मी केव्हाच भंगारात दिलं होतं; तारका नव्या यंत्राकडे वळवली आणि दाजींची ओळ विसरलो. जे एकच नाव मी प्रामाणिकपणे लिहिलं, ते एकच बंद होतं.

ती ओळ पुसली असती, तर पाच मिनिटांत दाजींचं पान उघडलं असतं. ताई हसली असती, मी सुटलो असतो. बोट बटणावर ठेवलंही होतं. पण पान उघडलं की दाजी बरे झाले, आणि बऱ्या माणसाला सुई कायमची बंद. ओळ ठेवावी तर उपासाने जाणार, पुसावी तर आनंदाने जाणार. तिसरी वाट होती, पण तिच्यात माझी अब्रू जात होती.

मी दवाखान्याच्या डॉक्टरीणबाईंना गाठून सगळं ओकलो. त्या म्हणाल्या, “माझे सतरा पेशंट यायचे थांबलेत. म्हणजे तुमच्या त्या तारकेने नेले तर.” वर एकच शब्द, “चला.”

म्हणून मी आज त्या भिंतीला टेकलो होतो. ताई दाजींना आधार देत पहिल्या रांगेत बसली होती.

मी पुढे झालो. “महाराज, एक नाव टाकू?”

“टाक की. विश्व सगळ्यांचं आहे.”

मी टाकलं: पिंप. पान उघडलं. ‘पिंप, तुझी नोंद इथे जगाच्या आरंभापासून आहे. तू बरा झालास.’

कुणीतरी फिस्सकन हसलं.

“जडातही चैतन्य असतं!” महाराज गरजले.

डॉक्टरीणबाईंनी कीबोर्डावर सरळ कोपर टेकवलं. मग टिंब, मग पत्ता. दहा-बारा अक्षरांचा तो गोंधळही जगाच्या आरंभापासून नोंदलेला निघाला. “हे कोण?” त्यांनी विचारलं.

“पुढच्या युगातला कुणी भक्त असेल.”

“बरा तर आत्ताच झालाय!”

आता सगळं सभागृह हसलं. मी लोकांना नोंदवही दाखवली, तारका दाखवली आणि ती पुसली. “बदल सगळीकडे पोचायला पाच मिनिटं लागतात, थांबा,” म्हणालो.  मग एकेक नवं नाव टाकलं, एकही उघडेना. नोंदमहाराजांचं स्वतःचं नाव टाकलं. असं कुणी नाही.

“यानेच बांधलं, यानेच मोडलं!” महाराज ओरडले. “चोर हा आहे!”

“हो,” मी म्हणालो. “मीही आहे.”

ताई उठली. माझ्याकडे न बघता तिने विचारलं, “मग यांचंच का नव्हतं उघडत?”

मी सांगितलं. यंत्र, भंगार, कंटाळा, सगळं. ती दाराशी गेली आणि खांद्यापर्यंत हात पिंपात घालून शोधायला लागली. तिच्यामागे पोस्टमन, मग सगळेच. डॉक्टरीणबाई घसा फोडून सांगत होत्या, “दुसऱ्याची पुडी घेऊ नका! नाव वाचा! इन्सुलिन खराब झालंय, ते माझ्याकडून नवं घ्या!” प्रत्येक पुडीवर औषधवाल्याने हाताने लिहिलेलं नाव होतं. प्रत्येकाचं वेगळं.

महाराज त्या गर्दीत कधी सटकले, कुणी पाहिलं नाही. दाजींच्या डाव्या पायाची दोन बोटं गेली. आता ते उजव्या पायाने मशीन चालवतात आणि म्हणतात, “मेव्हणे, माप चुकलं की कापड जातंच.” ताई माझ्याशी बोलते, पण कामापुरतं. रोज सकाळी तिचा फोन येतो. “सुई दिली,” एवढंच सांगते आणि ठेवते. मी तारीख घालून लिहून ठेवतो.

तुम्हाला माझं एवढंच मागणं आहे. कुणी तुमचं नाव बरोबर सांगितलं, की लगेच हात जोडू नका. आधी त्याला एक खोटं नाव विचारा. त्यालाही तो हो म्हणाला, तर तो तुम्हाला ओळखत नाही. आणि ती तारका टाकणारा माणूस मागे कुठेतरी भिंतीला टेकून उभा असेल, त्यालाही पुढे बोलवा.