झऱ्यावरच्या लाल टिकल्या

पहिली लाल टिकली लीलाबाईनं लावली, आणि मग बाया थांबेचनात.

शाळेच्या व्हरांड्यात टेबलावर आमच्या दरीचा नकाशा पसरला होता. दरीचं पुढं काय करायचं, ते म्हणे गावानंच सांगायचं. ही दरी एवढी खोल, की मी लहानपणी टाकलेला दगड अजून खाली टेकलेला नाही. तळाशी एकच झरा. उन्हाळ्यात बाया तिथूनच पाणी आणतात आणि लीलाबाईच्या शेळ्याही तिथंच पितात. नवरा गेल्यापासून तिला त्या शेळ्यांचाच आधार.

आराखडा करायला आलेल्या प्रेरणा मॅडमनी चिकटवायला लाल-हिरव्या टिकल्या दिल्या होत्या. बायांनी झऱ्यावर लाल लावून हात जोडले. पुरुषांनी हिरव्या लावल्या त्या वाघाच्या कपारीवर. वाघ तिथंच राहिला तर बरं, म्हणून.

मॅडमनी नकाशाचा फोटो काढला. "म्हणजे धोका झऱ्यावर आहे. तिथं तारेचं कुंपण घालू, प्रवेश बंद. आणि सगळ्यांची आवडती जागा ही कपार. इथं पर्यटकांसाठी मचाण."

बायांनी पुन्हा वाकून नकाशाकडं पाहिलं.

"लाल म्हंजे धोका?" लीलाबाई माझ्या कानाशी पुटपुटली. "नानाजी, मले वाटलं कुंकवावानी. चांगल्या जागेले."

"मॅडमनं सुरुवातीलेच सांगतलं होतं न!"

"तवा माइक नुसता खरखर करून राह्यला होता." तिनं नकाशाकडं बोट केलं. "तार लागली तं पाणी कुठून आणू? अन् या बाया मले जित्ती सोडतीन काय? माझंच पाहून लावलं त्याइनं."

"मंग उठून सांग न."

"भेव लागते."

भेव! हिच्या शेळीला वाघानं धरलं, तेव्हा हिनं मागचे पाय धरून ओढून आणली होती. ती शेळी तेव्हापासून हातभर लांब झाली आहे. खोटं वाटलं तर मोजून घ्या.

बाया एकमेकींना कोपरानं ढोसत होत्या. "लीलाबाई, पयली तूच लावली, तूच सांग," मागून कोणी तरी फुसफुसलं.

शेवटी मीच उठलो. "मॅडम, हे उलटं झालं. बायाइले लाल म्हंजे चांगलं वाटलं."

"बसा नानाजी!" खेमसिंग ओरडला. त्याची जीप चालते. मचाण म्हटल्याबरोबर त्याला सवाऱ्या दिसू लागल्या होत्या. "मॅडम, याचं काही मनावर घेऊ नका. यानं वाघाले बिडी पाजली म्हणते!"

सगळे हसले. मॅडमही हसल्या आणि नकाशा गुंडाळू लागल्या. बाहेर गाडी सुरू झाली.

लीलाबाई उठली. टेबलापाशी गेली. तिनं पंजा झऱ्यावर ठेवला.

"काय झालं, मावशी? हात काढा ना, उशीर होतोय."

तिनं नुसती मान हलवली.

गुंडाळी सरकत सरकत तिच्या मनगटाला येऊन अडली. बाहेर ड्रायव्हरनं पुन्हा हॉर्न दिला. तिनं डोळे गच्च मिटले, पण हात उचलला नाही.