शुभेच्छुक : घरमालक

भाडं थकलं की मालकाचं डोकं फिरतं, हे तुम्हाआम्हाला काही नवीन नाही. पण कोल्हापुरात मंगळवार पेठेतल्या हंबीररावांचं डोकं फिरलं आणि वर त्यात एक कल्पनाही शिरली!

त्यांच्या मागच्या दोन खोल्यांत सयाजी राहायचा, बायको क्रांती आणि नववीतली मुलगी संयोगिता यांच्यासह. हुपरीच्या एका शेठकडून चांदी आणायची, घरी बसून पैंजण घडवायचे आणि माल पोचवून मजुरी घ्यायची, हा त्याचा धंदा. चांदीचा भाव कडाडला, गिऱ्हाईक आटलं, आणि चार महिन्यांचं भाडं राहिलं.

"काका, कालच लग्नसराईचा माल मिळालाय. पंधरा दिवसांत सगळं देतो," सयाजी हात जोडून म्हणाला.

"पंधरा दिवस, पंधरा दिवस! चार महिनं हेच ऐकतोय की मी!" शेजाऱ्यापाजाऱ्यांना ऐकू जाईल अशा बेतानं हंबीरराव ओरडले. "फुकटात ऱ्हायची सवय लागलीय तुला. थांब, तुझा सत्कारच करतो."

आता आपल्याकडे वाढदिवस असो, निवड असो की नवी गाडी, चौकात फ्लेक्स लागल्याशिवाय काही झाल्यासारखं वाटत नाही. हंबीरराव तडक फराजच्या दुकानात गेले. वीस वर्षं तोच पेठेचे फ्लेक्स छापत होता. सयाजीच्या व्हॉट्सअॅपवरचा तिघांचा फोटो त्यांनी पुढे केला आणि मजकूर सांगितला : 'सलग चार महिने भाडं न भरता दिमाखात राहिल्याबद्दल श्री. सयाजी व परिवाराचं हार्दिक अभिनंदन! शुभेच्छुक : घरमालक.'

फराजचा हात थांबला. "काका, ह्यात पोरगी पण हाय की. तिनं कुठलं भाडं बुडवलंय?"

"ऱ्हाती न्हवं फुकटात? येऊ दे तिला पण."

"भाडं तुमच्या हक्काचं हाय, मी न्हाय म्हणत न्हाय. नोटीस द्या, कोर्टात जावा. पण चौकात माणसाचं नाव टांगू नका. फ्लेक्स उद्या मी उतरवीन, गेलेलं नाव कोण परत आणणार?"

"पैसे मिळत्यात न्हवं? गप छाप. न्हाय तर दुसरं दुकान हाय."

फराजनं छापला. पोट त्यालाही होतं.

सकाळी चौकात तालमीसमोर फ्लेक्स झळकला. माणसं थांबून हसली, फोटो काढले, पुढे पाठवले. शाळेला निघालेल्या संयोगितानं आपलाच चेहरा हातभर मोठा होऊन चौकात लटकलेला पाहिला. कुणीतरी "अभिनंदन!" म्हणून ओरडलं, तशी तिनं सायकल मागे वळवली. घराचं दार बंद झालं. हंबीरराव ओट्यावर चहा घेत मजा बघत होते. अशी मजा आपणही कधीतरी बघितलेली असते, म्हणून त्यांच्याकडे बोट दाखवण्याआधी जरा आठवून पाहा.

दुपारी हुपरीहून शेठचा माणूस तराजू घेऊन आला. त्यानं उंबऱ्यातच चांदी तोलली, अर्धवट घडवलेले पैंजणही पिशवीत घातले आणि निघाला.

"बघा! आणि किती जणांचं बुडवलंय ह्यानं!" हंबीरराव खुशीत म्हणाले.

सयाजीनं आवाज चढवला नाही. "कुणाचं न्हाय बुडवलं, काका. अकरा वर्षं शेठ कागद न करता, नुसत्या विश्वासावर चांदी देत हुते. आज तो फोटो त्यांच्या मोबाईलवर गेला. म्हणाले, आता तुझ्या घरात माझा माल ठेवायची भीती वाटती. तुमचं भाडं ह्याच पैंजणातनं निघणार हुतं."

अरे देवा! भाडं वसूल करायला निघालेल्या माणसानं भाडं यायची वाटच आपल्या हातानं बुजवली होती! हंबीरराव उठले, स्वतः फ्लेक्स उतरवला आणि फराजकडे गेले. "माफीचा फ्लेक्स छाप."

"तो हजार जणांनी बघितला, हा कोण बघणार?" फराज म्हणाला. "जिथं त्याचं नाव गेलंय, तिथं जावा. हुपरीला."

दुसऱ्या दिवशी ते शेठसमोर उभे राहिले.

"पावणं, फ्लेक्स तुम्हीच लावलासा न्हवं? मग माझं काय चुकलं?"

"चुकलो मी. माणूस चोख हाय."

"मग तुमच्या जबाबदारीवर देतो. चांदीचं काय झालं तर तुम्ही भरायचं. करा सही."

हंबीररावांनी कागदावरची रक्कम वाचली. चार महिन्यांच्या भाड्यासाठी ज्याच्यावर विश्वास ठेवला नाही, त्याच्यासाठी आता वीसपट रकमेला जामीन राहायचं! पण मागे वळलेली ती सायकल डोळ्यांपुढून हलेना. त्यांनी सही केली.

"अकरा वर्षांत त्याच्या मालाला सही लागली न्हवती," कागद ठेवत शेठ म्हणाले. "आता कायम लागंल."

सयाजीला चांदी परत मिळाली. पंधराव्या दिवशी त्यानं पै न पै भाडं दिलं, आणि त्याच दिवशी दारात टेम्पो लावला. संयोगितानं किल्ली ओट्यावर ठेवली.

"चुकलो, बाळ," हंबीरराव म्हणाले.

"पर माझा फोटो कशाला लावलासा?" तिनं विचारलं. उत्तराला ती थांबली नाही, टेम्पोत जाऊन बसली.

खोल्या सहा महिने रिकाम्या आहेत. बघायला येणारा आधी विचारतो, "ते फ्लेक्सवालं काका तुम्हीच काय?" हंबीरराव म्हणतात, "व्हय, मीच," आणि सगळी हकिकत स्वतःच्या तोंडानं सांगतात. ऐकणारा पाणी पिऊन निघून जातो.

मंडळी, भाडं जरूर मागा. नाही मिळालं तर कायद्याची वाट धरा, खोली खाली करून घ्या. पण देणेकऱ्याची अब्रू चौकात काढू नका, तिच्याच जोरावर तो उद्या तुमचं देणं फेडणार असतो. आणि असा एखादा फोटो तुमच्या मोबाईलवर येईल, हसू येईल, बोट पुढे पाठवायला जाईल, तेव्हा घटकाभर थांबा. त्या फोटोत एक पोरगी असेल, आणि तिचा प्रश्न तेव्हा तुम्हालाही असेल.