सारंगाच्या टोपीची खुंटी

मी एक खुंटी बोलतेय. दिवेआगरच्या वाटेवर, सुपारीच्या वाडीला लागून गुलबानूचं घर आहे. त्या घराच्या पडवीत, दाराच्या उजव्या अंगाला मी ठोकलेली आहे. वीतभर लांब, टोकाशी जराशी वर वळलेली. घरात माझ्याहून दिखाऊ वस्तू पुष्कळ आहेत. दुबईहून आलेलं घड्याळ आहे, आरशाचं कपाट आहे. पण रस्त्यानं जाणारा माणूस मान वळवून बघतो, तो माझ्याकडे. ही बढाई नाही. बरं, थोडी आहेच.

मी मूळची समुद्रावरची. या घरातल्या आजोबांचा शिडाचा मचवा होता आणि तो हाकणारे तांडेलही तेच. तो जुना होऊन मोडला, तेव्हा त्याच्या सागवानी फळ्यांतून रामचंद्र सुताराने घराची दारं केली. शेवटी एक तुकडा उरला.

"याचं काय करू, तांडेल?" त्याने विचारलं.

"खुंटी कर," आजोबा म्हणाले. "आणि अशी ठोक, की बेड्यापासून दिसली पाहिजे."

बेडं म्हणजे आमच्या वाडीचं बांबूचं फाटक. तिथे उभं राहिलं की पडवीची भिंत समोर दिसते, आणि भिंतीवर मी.

या घरातले पुरुष पिढ्यान्‌पिढ्या समुद्रावर जात आले. घरी असले की डोक्यावर पांढरी विणलेली टोपी. निघायच्या दिवशी ती टोपी स्वतःच्या हातानं माझ्यावर अडकवायची आणि परत आल्यावर स्वतःच्याच हातानं उचलून डोक्यावर घालायची. मधल्या काळात तिला दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही. म्हणजे टोपी दिसली की माणूस समुद्रावर, आणि मी रिकामी दिसले की माणूस घरात. बाकीच्या खुंट्या आपल्यावर काय काय लटकतं ते सांगत मिरवतात. मला अभिमान आहे तो माझ्या रिकामेपणाचा.

ही रीत बायकांमुळे पडली असं मी ऐकलंय. दारात येणाऱ्या प्रत्येकाला 'ते नाहीत' असं सांगायला त्यांची जीभ वळत नसे. तसले शब्द घरात उच्चारूच नयेत. मग ते सांगायचं काम माझ्याकडे आलं. पुढे पुढे गावानं माझ्याकडून आणखी एक अर्थ घेतला. टोपी दिसली की न सांगता त्या घराकडे लक्ष द्यायचं. शेजारच्या वाडीतला कोंडाजी तर बेड्यापाशी थांबून माझ्याकडे बघायचा आणि तिथूनच ओरडायचा, "भाबी, टोपी लटकलीय, म्हंजे नारळ मीच पाडनार! मधी बोलायचं न्हाय!"

आजोबांचा नातू इसहाक मोठ्या मालवाहू जहाजावर सारंग, म्हणजे खलाशांचा मुकादम आहे. त्याला मी रांगताना पाहिलंय, म्हणून एकेरीत बोलते. गुलबानू त्याची बायको. वादळाच्या वर्षी तो दूर समुद्रात होता. घराचे पत्रे उडाले, वाडीतली झाडं काड्यांसारखी आडवी झाली. वारा सुरू झाला तशी गुलबानूनं आपली ओढणी फाडून टोपी तशीच माझ्याशी करकचून बांधली आणि मग ती आत पळाली. पाऊस थांबल्यावर पडलेल्या झाडांवरून चढत-उतरत पहिला आला तो कोंडाजी. टोपीतून पाणी ठिबकत होतं. त्याने माझ्याकडे बघितलं आणि कपाळाला हात लावला. "शाब्बास गं बाय," म्हणाला. मला, टोपीला की गुलबानूला, ते मी अजून ठरवते आहे.

सुपारीची झाडं काही एका पावसात वाढत नाहीत. तेव्हा पनवेलला दिलेल्या लेकीनं, आफरानं, सुचवलं, "अम्मी, दोन खोल्या पाहुण्यांना देऊ. माझी मैत्रीण मृणाल येईल, ती घरं सजवते."

मृणाल अलिबागची. हसरी, कामसू पोर. खिडकीतून ऊन कुठवर येतं ते बघायला दिवसभर जमिनीवर बसून राहिलेलं तिला मी पाहिलं आहे. पडवीत आली की ती माझ्या भिंतीवरून हात फिरवायची. "चाची, इथं जुनं वल्हं लावू. बाजूला वेताचा दिवा. बघा कशी दिसते भिंत!"

"कर बेटी, तुला कळतं," गुलबानू म्हणायची. पण तिचं ध्यान हातातल्या फोनकडे असायचं. इसहाक पुन्हा जहाजावर गेला होता आणि त्याचा फोन येऊन बरेच दिवस झाले होते. तिकडच्या समुद्रात गडबड आहे, जहाज लांबच्या वाटेनं वळवलंय, एवढंच कंपनीच्या ऑफिसातून कळलं होतं. ती नमाज पढून उठली की पडवीत यायची, टोपीकडे बघायची आणि आत जायची. हात लावायची नाही.

एका सकाळी ती मासळी आणायला बाहेर पडली. मृणालला भिंतीचा फोटो हवा होता. तिने टोपी अलगद काढली, धूळ झटकली, स्वच्छ रुमालात घडी करून कपाटात ठेवली. इतक्या मायेनं ठेवली, की मला रागावताही येईना. फोटो काढून ती मापाचा टेप शोधायला आत गेली.

नेमका तेव्हाच कोंडाजी बेड्यापाशी थांबला. माझ्याकडे बघितलं, डोळे चोळले, पुन्हा बघितलं आणि धावत सुटला.

पुढचं मला नंतर त्याच्याच तोंडून कळलं. गुलबानू शकू कोळणीच्या पाटीसमोर बसली होती. हा लांबूनच ओरडला, "काय भाबी, सारंग आला तरी गपचूप? खुंटी रिकामी हाय तुमची!"

गुलबानूच्या हातातले बांगडे पाटीत पडले. शकूनं तिला ढकललंच. "जा गो बाय, मावरं काय पलून जात नाय!"

गुलबानू आली ती एका पायात चप्पल, ओढणी जमिनीवर लोळतेय. बेड्याचे बांबू सरकवायलाही थांबली नाही, खालून वाकून आत शिरली. माझ्याकडे पाहिलं. खरंच रिकामी. तिचा चेहरा असा उजळला, की आयुष्यात पहिल्यांदा मला माझ्या रिकामेपणाची लाज वाटली.

"कधी आलात? फोन तरी करायचा!" तिनं दारातून आत हाक मारली.

आतून टेप हातात घेऊन मृणाल आली. "कोण आलं, चाची?"

गुलबानू तिथेच पायरीवर बसली. मागून कोंडाजी दोन्ही हातांत शहाळी घेऊन पोचला आणि तसाच उभा राहिला.

सगळा उलगडा झाला तेव्हा मृणालच्या डोळ्यांत पाणी आलं. "आमच्याकडे चपला बघतात हो, चाची. दारात चपला दिसल्या की बाबा घरात. मला वाटलं, वस्तू दिसते म्हणजे माणूस आहे. टोपी याच्या उलट सांगते, हे माझ्या मनातसुद्धा आलं नाही."

"रडू नको. नीट घडी घालून ठेवलीस ना? मग झालं."

"मी परत अडकवते."

"नको!" गुलबानूचा आवाज चढला. मग खाली आला. "टोपी अडकवली की माणूस घराबाहेर पडतो, बेटी. मी माझ्या हातानं त्यांना घालवू?"

मी आजवर कधी खोटं बोलले नव्हते आणि आता साऱ्या गावासमोर खोटी पडले होते.

"मंग ऱ्हाऊ दे रिकामी," कोंडाजी म्हणाला. "खुंटी म्हनते आला, तर त्याला याया लागंल. हिच्या शब्दाबाहेर कोन जातो या घरात?"

"आणि नाही आले तर?" गुलबानूनं हळूच विचारलं.

कोंडाजीनं शहाळ्यांकडे बघितलं. "तर ही मी पितो."

ती हसली, आणि हसता हसता रडली.

त्यानंतर कोंडाजी येणाऱ्या-जाणाऱ्याला बेड्यापाशी अडवून सांगायचा, "खुंटीवर जाऊ नका, सारंग यायचाय अजून." मृणालनं वल्हं पाहुण्यांच्या खोलीत नेलं. माझी भिंत तिनं नुसती पांढरी करून घेतली. रंगाऱ्यानं विचारलं, "ताई, एवढी मोठी भिंत मोकळीच?" ती म्हणाली, "हिच्या शेजारी काही लावलं, तर हिचं बोलणं कुणाला ऐकू जाणार नाही." एवढा मान मला आजोबांनंतर कुणी दिला नव्हता.

आणि एका दुपारी बेड्यापाशी रिक्षा थांबली.

इसहाक वाळला होता. दाढी वाढली होती. पडवीत चढला, आणि पिशवी खाली ठेवायच्या आधीच सवयीनं त्याचा हात माझ्याकडे आला. हाताला फक्त मी लागले. तो चपापला.

"गुलबानू! माझी टोपी कुठाय?"

ती आतून आली. हातात रुमालाची घडी.

"तुम्हालाच उशीर झाला," ती म्हणाली. "टोपी कधीचीच घरात आलीय."

तिनं ती त्याच्या डोक्यावर ठेवली. घाईत टोपी जरा तिरकी बसली. त्यानं ती सरळ केली नाही.

"मुंबईला उतरल्यावर फोन का नाही केलात?"

"केला असता तर वाटेवर डोळे लावून बसली असतीस."

"मग इतके दिवस दुसरं काय करत होते मी?"

बेड्याबाहेर कोंडाजीची आरोळी ऐकू आली. नवी शहाळी उतरवायला तो वाडीकडे पळाला होता. आधीची त्यानं केव्हाच पिऊन टाकली होती.

इसहाक पुन्हा जहाजावर जाईल की नाही, मला माहीत नाही. तो गेला तर मी त्याची टोपी सांभाळीन. एवढं मात्र खरं, की मी जन्मात एकदाच वेळेआधी बोलले आणि तेही खरं ठरलं.

आता या घरात पाहुणे येऊ लागलेत. तुम्हीही या. ओले टॉवेल, पिशव्या, उन्हाच्या टोप्या यांच्यासाठी मृणालनं खोल्यांत भरपूर हूक लावलेत. माझ्यावर मात्र काही अडकवू नका. बेड्यापाशी आलात की आधी माझ्याकडे बघा. मी रिकामी दिसले, तर तिथूनच खुशाल मोठ्यानं हाक मारा. माणूस घरात आहे.